डावीकडचा आवाज

माधव नगर, उज्जैन
११ मे २०२५

चि. जयूस,

तुझ्या गोपाळमामाचे पोटभर आशीर्वाद. दुबेजींना नमस्कार, अनयला एक गालगुच्चा. इकडे सगळे ठीक. आंबा यंदा आंबट आहे.

आधी एक हिशेब देतो, कारण मराठी मंडळात खोटा हिशेब फिरतोय. मुक्तानं तुझ्या बाबांसाठी आणलेली टोपी फुकट आहे, संस्थेची आहे, घरच्यांना काही खर्चच नाही, असं सगळे म्हणतात. खरा खर्च ऐक. तुझ्या बाबांची, भय्यासाहेबांची, मिशी गेली. ओठावर आणि हनुवटीखाली चकत्या चिकटवायच्या म्हणून तुझ्या जन्माआधीपासूनची ती मिशी न्हाव्यानं चहा निवायच्या आत उतरवली, आणि आता ते आरशात बघून स्वतःलाच परके वाटतात. तुझ्या आईची भैरवगढची छापाची चादर गेली. टोपीत घालायचा जेल तिच्यावर सांडला आणि लाल रंग थेट उशीपर्यंत धावला. शिवाय टोपी चालू असताना पंखा बंद, कूलर बंद, मिक्सर बंद, इन्व्हर्टर बंद, कारण विजेची गुणगुण टोपीत शिरते. मे महिन्यात. उज्जैनमध्ये. माझं दीड किलो वजन गेलं ते वेगळं, पण ते कुणी खर्चात धरायला तयार नाही.

तू म्हणशील, मामा फोन करायचा सोडून पत्र काय लिहितोय. अगं, फोनवर बोललेलं हवेत जातं. पत्र कसं, उशाशी ठेवता येतं. आणि हल्लीचे फोन सगळे फालतू, माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. चाळीस वर्षं आवाजाचा धंदा केलेल्या माणसाला ते सहन होत नाही. दुसऱ्याच्या भोंग्याची बॅटरी सायकलवर बांधून नेणारा मी, स्वतःच्या कानांच्या जोरावर फ्रीगंजमध्ये ‘गोपाळ साउंड’ उभं केलं. आजही टॉवरपासून भैरवगढपर्यंत कुठं भोंगा वाजू दे, मी घरात बसून सांगतो की अँप्लिफायर कुणाचा आहे आणि त्यात काय बिघडलंय. उज्जैनमध्ये या कानांना तोड नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

तर टोपी. फेब्रुवारीत भय्यासाहेबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा तू आलीस, आयसीयूच्या काचेतून बघितलंस, आणि भय्यासाहेब शुद्धीवर आले त्या संध्याकाळी परत जबलपूरला गेलीस. का गेलीस ते मी विचारलं नाही. त्यानंतरची परिस्थिती अशी, की उजवा हात आणि जीभ सोडून माणूस आख्खा जागेवर आहे. कळतं सगळं. पेपर वाचतात, त्यातल्या चुका बघून नाक फेंदारतात. पण शब्द निघत नाही. नुसतं ‘अं अं’ येतं, ते त्यांनाच इतकं लागतं की तेही काढत नाहीत.

आणि आमची मुक्ता, जिचं काम काय ते इतकी वर्षं मी ‘कॉम्प्युटर’ एवढंच सांगून भागवत होतो, ती नेमकं हेच करते. पूर्वी माणसाचं बोलणं कॉम्प्युटरला कसं कळेल याच्यावर तिचं संशोधन होतं. आता बोलता न येणाऱ्या माणसाचं कसं कळेल, याच्यावर आहे. ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस म्हणतात त्याला. पोहणाऱ्यांची असते तशी घट्ट टोपी, तिच्यावर चकत्याच चकत्या, प्रत्येक चकतीची एक वायर लॅपटॉपकडे.

मी तिला म्हटलं, “म्हणजे मनातलं वाचतं?”

“नाही हो बाबा. मनातलं कुणालाच वाचता येत नाही. शब्द बोलायचा म्हटला की डोक्यातून जिभेला, जबड्याला हुकूम सुटतो. भय्याकाकांची जीभ हुकूम पाळत नाही, पण हुकूम सुटतोय. तो वाटेत पकडायचा.”

तुझी आई आतून म्हणाली, “मनातलं वाचत नाही ना? मग आणा.”

एवढं स्पष्ट सांगूनही गावात बातमी फिरायची ती फिरलीच. मंडळातले लोक रोज संध्याकाळी भेटायला यायचे, ते टोपी आल्यापासून दारातूनच नमस्कार करतात. आपल्या कवितांबद्दल भय्यासाहेबांच्या मनात इतकी वर्षं काय होतं ते यंत्र मोठ्यानं वाचून दाखवेल, अशी प्रत्येकाला धास्ती. शेजारच्या विनोदिनीबाई मात्र उलट्या. “आमच्या ह्यांना अर्धा तास घालून बघता येईल का?” असं दोनदा विचारून गेल्या. त्यांचे ‘हे’ तेव्हापासून बाल्कनीत पण येत नाहीत.

पहिला घोटाळा शब्दांवरून. यंत्राला आधी थोडेच शब्द शिकवायचे. पडद्यावर शब्द येणार, भय्यासाहेबांनी तो बोलायचा प्रयत्न करायचा, आणि या शब्दाला असा हुकूम सुटतो हे यंत्रानं पाठ करायचं. मुक्ता म्हणाली, त्यांचे रोजचे शब्द द्या. आता भय्यासाहेबांचे शब्द म्हणजे लहान गोष्ट नाही. दरबारातल्या चिटणीसांचं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून मराठीला डाग लागू दिला नाही, हे आपण त्यांच्याकडून किती वेळा ऐकलंय. जेवताना हिंदी शब्द निघाला की त्या दिवशीचं गोड बंद. एका पाडव्याला मी ‘बढिया’ म्हणालो आणि समोरची बासुंदीची वाटी उचलली गेली, तो घास अजून माझ्या घशात आहे. म्हणून मंडळातल्या तिघांनी बसून शब्द काढून दिले. जल. उपाहार. पुनश्च. आभारी आहे. प्रसाधनगृह.

जयू, ज्या माणसाची जीभ हलत नाही त्याला ‘प्रसाधनगृह’ बोलायला लावणाऱ्या लोकांना काय म्हणावं? आणि ते बोलून होईपर्यंत थांबायचं कुणी? मुक्तानं हात जोडले आणि पाणी, चहा, दुखतं, नको असे साधे शब्द वाढवले.

आता खरी गोष्ट. पडद्यावर ‘पाणी’ आलं की यंत्र ‘पाणी’ पकडतं. ‘चहा’ आलं की ‘चहा’. मुक्ता खूश, तुझी आई देवाला साखर ठेवून आली. पण मग मुक्ता म्हणते, “आता पडदा बंद. काका, तुम्हाला जे म्हणायचंय ते म्हणा.” आणि तिथं सगळं कोसळतं. ते डोळे मिटून, कपाळाची शीर ताणून काहीतरी म्हणतात, आणि यंत्र लिहितं, ‘जल पुनश्च नको आभारी.’ तुझी आई पाण्याचा तांब्या घेऊन धावते. ते मान फिरवतात. पुन्हा प्रयत्न. ‘उपाहार दुखतं.’ तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं टोपी काढून चादरीवर ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. चादरीची शेवटची उरलेली पांढरी जागा पण गेली.

ते काही मागत नाहीयेत, एवढं नक्की. पाणी-चहा हवा तर बोटानं दाखवतात. काहीतरी म्हणायचंय त्यांना, आणि आमच्यापैकी कुणालाच कळत नाहीये काय. मुक्ताकडे ही टोपी एक जूनपर्यंतच आहे, मग ती देवासला दुसऱ्या घरी जाणार. तिचे वरचे साहेब तर आत्ताच म्हणतात, हा पेशंट सोडा, याचा मेंदू सहकार्य करत नाही. भय्यासाहेबांनी हे ऐकलं. तेव्हापासून पेपर पण वाचत नाहीत.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. मुक्ता म्हणते, यंत्राच्या सपाट आवाजाऐवजी त्यांच्याच आवाजात शब्द ऐकू आले तर ते पुन्हा टोपी घालतील. त्यासाठी त्यांचा जुना आवाज पाहिजे. तो फक्त तुझ्या लग्नाच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, ते पाच-सहा तासांचं न कापलेलं, जे कुणीच कधी बघत नाही. दुबेजींच्या दोनशे वऱ्हाड्यांसमोर त्यांनी अर्धा तास शुद्ध मराठीत स्वागताचं भाषण केलं होतं, आणि ते बिचारे भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवत होते. माझी युक्ती तुला माहीत नसेल. भय्यासाहेबांच्या जाकिटाला मी कॉलर माइक लावला होता, तो डाव्या चॅनलवर घेतला, आणि सनईवाल्यांचा माइक उजव्या चॅनलवर. एकमेकांत मिसळणार नाही असं. आज कुणी करतं एवढं?

मुक्तानं जाता जाता घरातल्या सगळ्यांचे कान तपासले, यंत्राचा आवाज किती ठेवायचा ते बघायला. कानात टूँ ऐकू आलं की बटण दाबायचं. माझ्या वेळी बटण खराब निघालं. मी तिला सांगितलं, सरकारी संस्थांचं सामान असंच असतं.

चार वर्षांपूर्वी अनयनं फोनवर ‘नानाजी, आप कैसे हो’ म्हटलं आणि भय्यासाहेबांनी ‘आधी मराठी शिकवा, मग फोन करा’ म्हणून ठेवून दिला, तो विषय मी काढत नाही. तू पण त्यांचीच मुलगी, त्यांना पुन्हा फोन केलाच नाहीस. काढला नाही असं समज.

तुझी आई स्वयंपाकघरातून काहीतरी सांगतेय, मिक्सर चालू असावा, नीट ऐकू येत नाही. बहुतेक तुला आशीर्वादच असतील.

रेकॉर्डिंगची वाट बघणारा,
तुझा गोपाळमामा


माधव नगर, उज्जैन
२७ मे २०२५

चि. जयूस,

आशीर्वाद. पेन ड्राइव्ह पोचला. त्याबरोबरची तुझी चिठ्ठी पण पोचली, ‘परत पाठवायची गरज नाही’. मी ती चार प्रकारे वाचून बघितली. एका प्रकारात राग आहे, दोन प्रकारांत नाही, आणि एका प्रकारात तू रडते आहेस. मी मधले दोन धरून चालतोय.

घडलं ते क्रमानं सांगतो. मध्येच शेवट वाचू नकोस, तुला लहानपणापासून ती खोड आहे.

पेन ड्राइव्ह आला त्या दुपारी मी दुकानातला चांगला हेडफोन आणला आणि स्वतः ऐकायला बसलो. हे काम दुसऱ्या कुणाच्या कानांवर सोपवायचं नाही असं मी मुक्ताला बजावलं होतं. तासभर ऐकलं. जयू, माझ्या पायाखालची जमीन सरकली. भाषणच नाही! नुसती सनई. सनईच्या मागे लांब कुठंतरी विहिरीत पडल्यासारखा एक माणूस बोलतोय, बास. मी मुक्ताला सांगितलं, “व्हिडिओवाल्यानं घोळ केलाय. डावा चॅनल पुसला. तुझ्या काकांचा आवाज गेला.” तिचा चेहरा एवढासा झाला. मी त्या व्हिडिओवाल्याला मनात जे काही म्हणालो, ते टोपीनं पकडलं असतं तर टोपी जळली असती.

मुक्तानं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला. तोच हेडफोन. कधी कधी करतात हेडफोन असं. थोडा वेळ ऐकलं, मग माझ्याकडे एक नजर टाकली, मग पुन्हा ऐकलं, आणि ओरडली, “आत्या! आत्या, इकडे ये आधी!”

तुझ्या आईनं पदरानं हात पुसत हेडफोन घातला. मी बघत होतो. आधी तिचे ओठ हलले, मग तोंडावर हात गेला, मग ती हसता हसता स्टुलावरच बसली. म्हणाली, “यात नवीन काय? हे तर रोजचंच आहे.”

आता मूळ चूक माझी आहे की नशीब, ते तू ठरव. भाषण झाल्यावर मी भय्यासाहेबांच्या जाकिटावरचा कॉलर माइक काढून घ्यायला विसरलो होतो. तो माइक तुझ्या निरोपापर्यंत चालू राहिला. भाषण तर जसंच्या तसं आहेच, ‘उपस्थित स्नेहीजनहो’पासून ‘कृतज्ञतापूर्वक विराम’पर्यंत. पण खाली उतरल्यावर, मंडपाच्या मागे, आचाऱ्यांपाशी, पाहुण्यांत, शुद्ध मराठीचे ते आपले राखणदार दिवसभर जे बोललेत ते सगळं त्या डाव्या चॅनलवर आहे. मुक्तानं सनई बंद करून दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावलं, भय्यासाहेबांच्याच खोलीत. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“अरे भिया, पूड़ी ठंडी क्यूँ है? मेहमान बैठे हैं!”

त्यांची पाठ ताठ झाली.

“पधारो साब, पधारो। अरे ये कुर्सी किसने रखी याँ पे? हटा, हटा।”

“नौ, दस, ग्यारह... ओ भिया, दो थाली कम है।”

“गोपाळ को बोलो, उसका माइक सीटी मार रिया है। खुद को बड़ा तानसेन समझता है।”

यातलं शेवटचं मी पहिल्यांदाच ऐकलं. माइक शिट्टी मारत नव्हता, हे तू लिहून ठेव.

भय्यासाहेब हळूहळू इकडे वळले. तोंड लाल, बिनमिशीचं असल्यामुळे कानापर्यंत लाल. मी म्हटलं, आता ते डाव्या हाताला येईल ते फेकणार. आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. अर्ध्याच तोंडानं हसत होते, पण जयू, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा हसत होते.

मुक्तानं कपाळावर हात मारला. “बाबा, आपण त्यांना मराठी शब्द दिलेत! पडद्यावर मराठी दिसतं तेव्हा ते मराठी वाचतात, म्हणून यंत्राला कळतं. पण स्वतःहून बोलायचं म्हटलं की यांचा हुकूम हिंदीत सुटतोय. यंत्राकडे ते शब्दच नाहीत. ते जवळचं काहीतरी पकडून ठोकून देतंय.”

तुझी आई शांतपणे म्हणाली, “झोपेतसुद्धा हिंदीच बोलतात. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी, देवाशी, सगळ्यांशी. मी पहिल्याच दिवशी गोपाळला सांगितलं होतं. इथंच, याच्या शेजारी बसून.”

सांगितलं असेल. त्या दिवशी गडबड फार होती.

आणि खरं सांग, आपण तरी काय वेगळे? मी मराठीत पत्र लिहितो, हिंदीत मोजतो, माळवीत भांडतो. मराठी आपली बैठकीची. पण गरम पुरी वेळेवर आली नाही तर तोंडातून जे निघतं, ते याच मातीतलं. भय्यासाहेबांना ते माहीत नव्हतं असं थोडंच. म्हणूनच आपल्या सगळ्यांच्या वाट्या उचलत होते.

मंडळाला न विचारता मुक्तानं नवे शब्द घेतले, थेट त्या रेकॉर्डिंगमधून. भिया, चाय, ठंडी, क्यूँ, है, कौन, हटा, पूड़ी, चलेगी, गोपाळ, चुप. आठवडाभर शिकवणी चालली. पंखा बंद, कूलर बंद. भय्यासाहेब सकाळी आंघोळ करून स्वतःच टोपीकडे बोट दाखवायचे. गेल्या शुक्रवारी मुक्तानं पडदा बंद केला आणि म्हणाली, “काका, बोलिए.”

त्यांनी डोळे मिटले. आणि लॅपटॉपमधून, त्या स्वागताच्या भाषणाच्या आवाजात, तसल्याच भारदस्त चालीत, सगळा सभामंडप समोर असल्यासारखं आलं:

“चाय ठंडी क्यूँ है।”

तुझी आई आधी रडली. मग तिनं डोळे पुसले, टेबलावरची श्रीखंडाची वाटी उचलली आणि म्हणाली, “हिंदी शब्द. आजचं गोड बंद.” पस्तीस वर्षांचं व्याज घेतलं गं तिनं एका वाटीत. मी टाळ्या वाजवत विनोदिनीबाईंना हाका मारायला निघालो, काहीतरी मोठ्यानं बोलतही होतो, तेवढ्यात मुक्तानं माझ्या खांद्याला धरून लॅपटॉप दाखवला. दुसरं वाक्य आलं होतं. “गोपाळ चुप।” त्यांची वाणी परत आल्याचा याहून भक्कम पुरावा मला नको होता.

त्या रेकॉर्डिंगच्या शेवटाबद्दल सांगायचं मी इतका वेळ टाळतोय. तुला निरोप द्यायच्या वेळचं. आपल्या सगळ्यांना ते सनईच आठवतं, आणि भय्यासाहेब खांबासारखे उभे. मी तेव्हा मनात म्हणालो होतो, काय कोरडा माणूस आहे, पोरगी निघाली तरी एक शब्द नाही. मुक्तानं सनई बंद केली. डावीकडे ते पुटपुटतायत. तू गाडीकडे चालते आहेस, आणि ते, फक्त त्यांच्या कॉलरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात:

“चप्पल का बंद टूटा है इसका। कोई देखता नहीं। अरे कोई तो देखो। ...जा बेटा। सम्हल के।”

तुटला होता का गं चपलेचा बंद? आम्हाला कुणालाच आठवत नाही. तुझी आई म्हणाली, जयूला विचार.

हे लावलं तेव्हा भय्यासाहेब हसले नाहीत. खिडकीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मुक्ता म्हणाली, यंत्रात आता काही नावं घालू, कुणाची घालू? मी एक एक नाव घ्यायला लागलो, हो असेल तर त्यांनी डोळे मिटायचे. गोपाळ, म्हणजे मी, आधीच आत होतो, चुप करण्यासाठी. उषा म्हटलं, डोळे उघडेच. तुझी आई म्हणाली, “मला हाक कशाला पाहिजे? मी तशीच येते.” मुक्ता म्हटलं, उघडेच. जयू म्हटलं, मिटले. अनय म्हटलं, मिटले ते मिटलेच राहिले, मला वाटलं झोपले.

रविवारी ते बोलले. मी जसंच्या तसं लिहितो. आधी यंत्रानं लिहिलं, ‘अनय पूड़ी चलेगी।’ त्यांनी मान हलवली, नाही. मुक्तानं हिंदी हा शब्द यंत्रात घातलाच नव्हता. आपल्याला लागतो कशाला म्हणून! तिनं तो घातला, शिकवला, त्यात अर्धा दिवस गेला. मग पुन्हा. खूप वेळ काहीच आलं नाही. कूलर बंद, घाम नाकावरून ओघळतोय, कुणी पुसत पण नाहीये. आणि मग आलं:

“जयू। अनय। हिंदी चलेगी।”

मुक्ता शास्त्रज्ञ आहे, तिला लगेच खरं वाटत नाही. तिनं तीनदा करवून घेतलं. तिन्ही वेळा तेच. तिसऱ्या वेळी भय्यासाहेबांनी तिच्याकडे असं बघितलं की यंत्राची गरजच राहिली नाही.

तेव्हा ते काय म्हणायला धडपडत होते ते आता तुला कळलं. ‘जल पुनश्च नको आभारी’ आणि तांब्या घेऊन धावणारी तुझी आई. तीन दिवस माणूस एकच गोष्ट सांगत होता आणि आपण त्याला पाणी पाजत होतो.

येत्या रविवारी, एक जूनला, टोपी इथं शेवटची. सकाळी अकराला मुक्ता ती घालील. संध्याकाळी ती देवासला जाईल. पुढं काय, ते मुक्तालाही ठाऊक नाही, आणि ज्याचं तिला ठाऊक नाही त्याचं ती वचन देत नाही, त्यामुळे मीही देत नाही. त्या वेळी फोन कर. व्हिडिओवर कर. मिशी नाही म्हणून अनय घाबरेल, त्याला आधी सांगून ठेव. त्याला हवं ते, हवं त्या भाषेत बोलू दे. आणि एक लक्षात ठेव: एक एक शब्द यायला त्यांना वेळ लागतो. मध्ये नुसती शांतता येईल. लाइन कटली असं समजून ठेवून देऊ नकोस. त्या शांततेत ते बोलत असतात.

फोन मुक्ताच्या नंबरवर कर, माझ्या नको. चार वर्षांत तुझा एकही फोन मी उचलला नाही, त्यावरून मी बाबांच्या बाजूचा असं तू धरलंस, असं तुझी आई म्हणते. तसं काही नव्हतं गं. तुझी आई पहिल्या दिवशी जे सांगत होती ते माझ्या डावीकडे बसून सांगत होती. तो हेडफोन दुकानातला सगळ्यात चांगला आहे. समोर बसून बोललेलं उजव्या कानाला अजून कळतं, फोनमधलं कळत नाही. त्या दिवशी मुक्तानं मला तपासून कागदावर काहीतरी लिहिलं आणि कुणाला दाखवलं नाही.

बटण चांगलं होतं.

तुझा
गोपाळमामा